दर शंभरावी तबकडी

कानताईचं काम काय ते कळलं की लोक आधी हसत आणि मग हेवा करत. "म्हणजे दिवसभर बसून गाणीच ऐकायची? आणि वर पगार?" असं कुणी म्हणालं की ती नुसती मान हलवायची. समजावत बसण्याच्या फंदात पडायची नाही. गाणी ऐकणं हे तिचं काम नव्हतंच मुळी. गाण्यात जे नको, ते ऐकणं हे तिचं काम होतं.

गाण्याच्या तबकड्या जिथे तयार होतात त्या कारखान्यात ती एकोणीस वर्षं होती. काळा तापलेला लगदा दोन साच्यांमध्ये ठेवायचा, वरून यंत्राचा दाब द्यायचा, की खाचांसकट तबकडी तयार. एका साच्यातून हजार-दोन हजार निघायच्या. त्यातली पहिली आणि मग दर शंभरावी कानताईच्या टेबलावर यायची. ती हेडफोन चढवून सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची आणि दोष सापडला की तिथली मिनिटं-सेकंदं चिठ्ठीवर लिहायची. दोषांना तिने आपलीच नावं ठेवली होती. धूळ अडकली असेल तर 'टक'. लगदा नीट वितळला नसेल तर 'खरखर'. मधलं भोक केसभर सरकलं की सूर डुलायला लागतो, त्याला 'झोकांडी'. चिठ्ठीवर झोकांडी दिसली की दाबयंत्रावरचा कारागीर कपाळावर हात मारून घ्यायचा, कारण कानताईने लिहिलं म्हणजे ते असणारच. वाद घालायला जागा नाही.

कान तिखट, हे तिच्या वडिलांना फार आधी कळलं होतं. त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं. भिंतीवर, कपाटात, टेबलावर मिळून साठ-सत्तर घड्याळं एकदम टिकटिकत. पाच-सहा वर्षांची ही पोरगी कोपऱ्यात बसून पाटीवर रेघोट्या मारत असायची आणि मधेच म्हणायची, "बाबा, एक बंद पडलं." वडील एकेक तपासत जायचे आणि कुठेतरी मागच्या फळीवर एक मनगटी घड्याळ खरंच गप्प झालेलं सापडायचं. थांबलेलं ऐकू येतं तरी कसं, असं त्यांनी एकदा विचारलं. तिला सांगता आलं नाही. पुढे कारखान्यात लागल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं की जगात बहुतेकांना आवाज ऐकू येतो, आपल्याला आवाजातलं भोक ऐकू येतं.

नवरा बस चालवायचा. वर्षानुवर्षं इंजिनाशेजारी बसून त्याचा डावा कान बराचसा गेलेला. "आमचं छान जमतं," कानताई मैत्रिणींना सांगायची. "मला सगळं ऐकू येतं आणि ह्यांना काहीच नाही. भांडणाला दोन माणसं लागतात." घरात तिसरं माणूस म्हणजे सासूबाई. ऐंशीच्या पुढच्या. वर्षभरापूर्वी त्या न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. जुळून आलं, पण तेव्हापासून कानताईने धसका घेतला होता. सकाळी ती त्यांचं सगळं आवरायची, खिडकीपाशी खुर्चीत बसवायची, हाताशी पाण्याचा तांब्या आणि डबा ठेवायची आणि निघताना बजावायची, "आई, मी येईपर्यंत उठायचं नाही हं. काही झालं तरी नाही." सासूबाई मान डोलवायच्या. मग दाराला कुलूप लावून ती बस पकडायची. एकच किल्ली, गळ्यातल्या दोरीला.

त्या आठवड्यात कारखान्यात तीन मागण्या एकामागोमाग आल्या होत्या. एक स्तोत्रांची. तीस-चाळीस जणांचा हौशी गायकवृंद होता, त्यांच्या गायनमास्तरांनी वर्गणी काढून, पदरमोड करून रेकॉर्ड काढायला घेतली होती. दुसरी हार्पसिकॉर्डची. हे वाद्य पियानोच्या चुलत भावासारखं दिसतं, पण ह्यात तारेवर हातोडी पडत नाही, बारीकशी नखी तार छेडते. कानताईला त्याची भीती वाटायची. प्रत्येक सूर टोकदार, त्यामुळे 'टक' लपायला भरपूर जागा. तिसरी मागणी चार जणांच्या जॅझ गटाची. दोन बाया, दोन बाप्ये, वाद्य म्हणून जवळपास काही नाहीच, सगळा बाजा तोंडानेच. ती रेकॉर्ड ऐकताना कानताईचा पाय टेबलाखाली आपोआप हलायचा आणि ती त्याला दटावून गप्प करायची.

स्तोत्रांचा साचा सोमवारी चढला. पहिली तबकडी अगदी स्वच्छ होती. दगडी प्रार्थनागृहात रेकॉर्डिंग झालेलं, त्यामुळे आवाजाला एक गारवा होता. एक स्तोत्र संपलं की सूर छताकडे जायचा, तिथे जरा रेंगाळायचा आणि विरायचा. मग दुसरं सुरू होईपर्यंत सहा सेकंदांची जागा. ही जागा कधीच कोरी नसते, हे कानताईला पक्कं ठाऊक होतं. प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते. ह्या प्रार्थनागृहाची शांतता मोठी, जुनी आणि थोडी दमट होती. तिने चिठ्ठीवर 'निर्दोष' लिहून सही केली.

शंभरावी आली तेव्हा जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. दुसऱ्या बाजूवर तिसरं स्तोत्र संपलं, सूर विरला आणि सहा सेकंदांच्या त्या जागेत खुर्ची करकरली.

लाकडी खुर्ची. लांब, मागच्या बाजूला कुठेतरी. बराच वेळ अवघडून बसलेलं माणूस अंगाचा भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला घेतं, तसा आवाज.

तिने सुई मागे नेली आणि पुन्हा ऐकलं. करकर. तिसऱ्यांदा ऐकलं. करकर. मग कपाटातून पहिली तबकडी काढून लावली. तिथे काहीच नव्हतं.

हे होऊच शकत नाही, हे कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही कळलं असतं. साचा एकच, त्याच्यातून निघालेल्या सगळ्या तबकड्या एकाच वळणाच्या. दोष असलाच तर कमी होईल, वाढेल, खरखरेल. पण दोषाला लाकडाचा आवाज येत नाही. 'आज डोकं ठिकाणावर नाही आपलं,' असं म्हणून तिने चिठ्ठीवर फक्त 'पुन्हा बघावे' एवढंच लिहिलं.

दोनशेव्या तबकडीत खुर्ची करकरली आणि पाठोपाठ एक पाऊल पडलं. सपातांचं. पाय पुरता न उचलता पुढे ओढला की होतो तसं, फरशीवर घासत.

तीनशेवीत खुर्ची नव्हती. पावलंच होती. एक, दोन, तीन. आणि ती जवळ आली होती.

कानताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि खोलीभर नजर फिरवली. दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर पडलं होतं, शेजारच्या खोलीत दाबयंत्राचा धपका नेहमीसारखा ऐकू येत होता, कुणीतरी मोठ्याने चहा मागत होतं. सगळं जिथल्या तिथे. तिने फोरमनकाकांना हाक मारली.

फोरमनकाका म्हणजे निवृत्तीला टेकलेले, गोलमटोल, कशालाच न घाबरणारे गृहस्थ. "कोणीतरी मधेच उठलं असेल रेकॉर्डिंगला," ते म्हणाले. "गाणारेच ते. स्वस्थ थोडेच बसणार?"

"पहिलीत नाहीये, काका."

"असेल. तुझं लक्ष नसेल." असं म्हणून त्यांनी हेडफोन चढवले. कानताईने आधी पहिली लावली, मग शंभरावी, मग दोनशेवी, मग तीनशेवी. काका डोळे मिटून ऐकत होते. तीनशेवीपाशी त्यांनी एकदम डोळे उघडले आणि मान वळवून मागे पाहिलं. मागे भिंत होती.

"साचा बदलला का मधे कुणी?"

"तोच आहे. मी विचारून आले."

"हं." त्यांनी हेडफोन अलगद, गरम भांडं ठेवावं तसे, खाली ठेवले. "माझ्या कानात मळ साचलाय हल्ली. माझ्या ऐकण्यावर जाऊ नकोस." त्यानंतर त्यांनी त्या मागणीपुरते हेडफोन कधी हातात धरले नाहीत.

आपलेच कान बिघडले का, ह्याची खात्री करून घ्यावी म्हणून कानताईने बाकीच्या दोन मागण्यांच्या तबकड्या काढल्या. जॅझवाल्यांची जशी होती तशीच होती. दोन गाण्यांमधली जागा सपाट, गाद्या लावलेल्या स्टुडिओची. तिथे मुंगी शिंकली नसती. मग हार्पसिकॉर्डची लावली. शेवटचा सूर छेडला गेला, तार थरथरत थरथरत शांत झाली, आणि अगदी टोकाला, सुई उचलली जायच्या आधी, दूरवर लाकूड करकरलं. तिने पाकिटावरचा मजकूर वाचला. रेकॉर्डिंगची जागा तीच होती, ते दगडी प्रार्थनागृह. तारीख स्तोत्रांच्या नंतर एका आठवड्याची.

मंगळवारी चारशेवी आली. पावलं आता इतकी जवळ की सपातांचा टाचेकडचा भाग झिजलाय हेही तिला कळत होतं. आणि पावलागणिक किल्ल्या वाजत होत्या. मोठा जुडगा असावा, कमरेला खोचलेला.

पाचशेवी लावावी की नाही, ह्यावर तिने बराच वेळ काढला. चहा घेतला, पेन्सिलीला टोक केलं, पुन्हा चहा घेतला. शेवटी लावली. तिसरं स्तोत्र संपलं. एक पाऊल पडलं, आणि थांबलं. किल्ल्या स्थिर झाल्या. मग माईकच्या अगदी समोर, म्हणजे कानताईच्या कानाच्या अगदी आत, एका म्हाताऱ्या बाईने श्वास घेतला. काही विचारायचं असलं की माणूस घेतं तसा. छाती भरून, जरासा अडखळत. आणि चौथं स्तोत्र सुरू झालं.

सहाशेव्या तबकडीत ती बाई बोलणार, एवढं कानताईला कळलं. तिने जाऊन फोरमनकाकांना सांगितलं, "यंत्र थांबवा. मला ते ऐकायचं नाही."

काकांनी यंत्र थांबवलं. यंत्र सफाईसाठी बंद आहे असं फळ्यावर लिहिलं आणि गायनमास्तरांना फोन करून मूळ टेप घेऊन यायला सांगितलं.

बुधवारी दुपारी मास्तर आले. उंच, वाकलेले, बोटं सतत कसला तरी ताल धरणारी. टेप लावली, सहा सेकंद स्वच्छ होते. "बघा," मास्तर म्हणाले, "आमच्याकडून काही नाही." मग कानताईने न बोलता त्यांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि चारशेवी लावली.

किल्ल्या वाजल्या तेव्हा मास्तरांची बोटं थांबली.

तबकडी संपून सुई मधोमध खसखसत होती, ती कानताईनेच उचलली. "ओळखलंत तुम्ही," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

"मावशी आहेत त्या," मास्तर म्हणाले. "प्रार्थनागृहाची झाडलोट करायच्या. बावीस वर्षं. कुलपं, किल्ल्या, सगळं त्यांच्याकडे. सगळे मावशीच म्हणायचे, खरं नाव कुणी विचारलं नसेल."

"त्या दिवशी होत्या?"

"होत्या. गाण्याचं भारी वेड. आमच्या तालमींना झाडू हातात घेऊन दाराआड उभ्या राहायच्या. रेकॉर्डिंगच्या दिवशी म्हणाल्या, मास्तर, मागे बसू का? मी म्हटलं, बसा, पण जरा जरी आवाज झाला तरी सगळं पुन्हा करावं लागेल. मी सांगेपर्यंत हलायचं नाही. खोकला आला तर गिळायचा. त्या हसल्या. म्हणाल्या, दगड होऊन बसते."

"मग?"

"बसल्या. पाच तास. एक आवाज नाही." मास्तरांनी चष्मा काढला आणि हातातच धरून ठेवला. "चारच्या सुमाराला संपलं. सगळे खुशीत. मिठ्या काय, हसणं काय. मंडळी बाजूच्या दाराने बाहेर पडली, मीही पडलो."

"आणि मावशी?"

"मला वाटलं कुणीतरी सांगेल. नाही, खोटं कशाला बोलू, मला काही वाटलंच नाही. त्या तिथे आहेत हेच डोक्यातून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची भाची शोधत आली. खुर्चीत होत्या. हात गुडघ्यांवर, किल्ल्या मांडीवर. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, संध्याकाळी कधीतरी. वय झालंच होतं म्हणाले, कुठेही झालं असतं." त्यांनी वर पाहिलं. "झालं असतं ना हो? कुठेही?"

"झालं असतं," कानताई म्हणाली. "पण तुम्ही त्यांना उठा म्हणाला नाहीत."

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि तिच्याच अंगावर सर्रकन काटा आला. ती उठली. फोरमनकाका दारात होते, त्यांना म्हणाली, "काका, मी घरी जाते." एकोणीस वर्षांत ती भरदुपारी कधी घरी गेली नव्हती. काकांनी नुसतं बाजूला होऊन वाट दिली.

बसमध्ये तिला बसवेना. तिने घराचं कुलूप उघडलं. आत सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या, सकाळी बसवल्या तशाच. डबा उघडलेला नव्हता. लुगडं ओलं झालं होतं आणि खुर्चीखाली फरशीवर ओल पसरली होती. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते.

"आई!"

सासूबाईंनी डोळे उघडले. "आलीस? आज लवकर गं?"

"आई, अहो, किती वेळ अशा बसलात? न्हाणीघर चार पावलांवर आहे. भिंतीला धरून गेला असतात!"

"तूच तर म्हणालीस," सासूबाई साधेपणाने म्हणाल्या. "काही झालं तरी उठायचं नाही."

"आणि रोज? रोज असंच होतं?"

"रोज नाही काही. कधीमधी." त्या थोड्या ओशाळल्या. "तू यायच्या आत वाळतं बहुतेक वेळा."

कानताईला रडूही येईना. तिने पाणी तापवलं, त्यांना उठवलं, धुतलं, कोरडं नेसवलं, केस विंचरले. सासूबाई लहान मुलीसारख्या सगळं करून घेत होत्या. मधेच म्हणाल्या, "मघाशी जिन्यावरून कुणी तरी किल्ल्या वाजवत वर आलं बघ. मला वाटलं तूच. दारापर्यंत आलं आणि थांबलं. मी विचारलं, कोण? तर काही बोललं नाही. बाहेर तसंच उभं होतं."

कानताईने कंगवा खाली ठेवला. तिने गळ्यातल्या दोरीला हात लावला. एकच किल्ली. वाजायला दुसरी हवी ना.

"किती वेळ उभं होतं?"

"तू येईपर्यंत," सासूबाई म्हणाल्या.

रात्री नवरा आल्यावर तिने उजव्या कानाकडून सगळं सांगितलं. तो थट्टा करेल असं तिला वाटलं होतं. त्याने केली नाही. "मी उद्यापासून सकाळची पाळी मागून घेतो," एवढंच म्हणाला. "दुपारी आईजवळ मी असेन." मग थोड्या वेळाने, "आणि त्या बाईंचं तू बघ. तुझ्यापर्यंत आल्यात म्हणजे तुझ्याकडेच काम असणार."

गुरुवारी सकाळी दहा वाजता कानताई प्रार्थनागृहाच्या पायऱ्यांवर मास्तरांची वाट बघत उभी होती. आदल्या रात्री तिने फोन करून बोलावलं होतं, तरी मास्तर येणार नाहीत असं तिला वाटत होतं, पण आले. दाढी केली नव्हती. त्यांनी कुलूप उघडलं. आत उजेड होता. उंच खिडक्यांमधून ऊन तिरपं येऊन बाकांवर पडलं होतं. बरोबर तीच शांतता, मोठी, जुनी, दमट, फक्त आता ती कानांवरून अंगावर उतरली. बाकांच्या सगळ्यात मागे, खांबाशेजारी, एकच लाकडी खुर्ची होती.

"तीच का?"

मास्तरांनी मान हलवली. "कुणी हलवत नाही ती. सांगितलं नाहीये कुणाला, पण कुणी हलवत नाही."

"मग बोला, त्या दिवशी राहून गेलं ते."

मास्तर खुर्चीकडे न पाहता पुटपुटले, "झालं."

"असं नाही," कानताई म्हणाली. "तुम्ही जिथे उभे होतात तिथे जाऊन उभे राहा. आणि हलू नका हे ज्या आवाजात म्हणालात ना, त्याच आवाजात म्हणा."

मास्तर मधल्या वाटेने पुढे गेले. गायकांसमोर उभं राहायची त्यांची जागा फरशीवर झिजून गुळगुळीत झाली होती. तिथे उभे राहून ते वळले. त्यांचा हात सवयीने वर गेला, गाणाऱ्यांना थोपवायला जातो तसा, आणि वरच राहिला. मग त्यांनी मोठ्याने, अख्खं प्रार्थनागृह भरेल अशा आवाजात म्हटलं, "मावशी, झालं बरं का आमचं! उठा आता. छान बसलात तुम्ही. एक आवाज आला नाही. मी सांगायला विसरलो हो मावशी. माझी चूक झाली. उठा." आणि हात खाली घेतला.

त्यांचा आवाज छतापर्यंत गेला, तिथे रेंगाळला आणि विरला. कानताईने सवयीने सेकंद मोजले. एक. दोन. तीन. चार. पाच.

सहाव्याला खुर्ची करकरली.

खुर्चीत कुणी नव्हतं. ऊन होतं आणि उन्हात धूळ तरंगत होती. पण पावलं निघाली. सपाता घासत, किल्ल्या वाजवत, मधल्या वाटेने, कानताई जिथे उभी होती तिकडेच. ती बाकाला घट्ट धरून उभी राहिली. पावलं तिच्या शेजारून गेली. इतक्या जवळून की तिने नकळत पाय आवरून घेतला. ती मास्तरांपाशी जाऊन थांबली.

"येतंय का काही ऐकू?" मास्तरांनी तिथूनच विचारलं. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं.

"तुमच्या समोर आहेत," कानताई म्हणाली.

मास्तर पांढरेफटक पडले, पण मागे सरले नाहीत. आणि मग तो श्वास आला. छाती भरून, अडखळत, पाचशेव्या तबकडीत होता तसा. आता बोलणार.

"परत एकदा म्हणाल का ते शेवटचं?"

आवाज घोगरा होता, थोडा लाजरा. कामवाल्या बाईने धनिणीकडे जास्तीचं काही मागावं तसा.

कानताईने तो निरोप शब्द न बदलता सांगितला. मास्तरांचा चेहरा क्षणभर कोराच राहिला. मग त्यांना उमगलं. रेकॉर्डवरचं शेवटचं स्तोत्र. चाळीस गळ्यांसाठी बांधलेलं ते स्तोत्र मास्तर एकट्याने गायले. साठीचा, बसलेला, बेसूर होत जाणारा आवाज. मधे दोनदा हुंदक्याने तुटला, दोनदा त्यांनी मागून उचलला. कानताईने आयुष्यात पहिल्यांदाच एकही दोष न शोधता कुणाचं गाणं ऐकलं. संपल्यावर पावलं बाजूच्या दाराकडे गेली. दार बंद होतं आणि बंदच राहिलं. किल्ल्या मात्र पलीकडच्या अंगणात वाजल्या, मग रस्त्यावर, मग नाही.

शुक्रवारी यंत्र सुरू झालं. सहाशेव्या तबकडीत स्तोत्रांमधल्या जागेत प्रार्थनागृहाची शांतता होती, बाकी काही नव्हतं. सातशेवीतही नव्हतं. पुढे दोन हजारांपर्यंत कानताईने प्रत्येक शंभरावी काळजीपूर्वक तपासली. सगळ्या निर्दोष.

प्रश्न उरला यंत्र थांबवण्याआधीच्या तबकड्यांचा. दर शंभरावीत काय होतं ते ऐकलं होतं, मधल्या नव्व्याण्णवांमध्ये काय असेल ते कोण सांगणार? मास्तर म्हणाले, विकू नका. कारखान्यात वाया गेलेली तबकडी फेकत नसत. तिचा चुरा करून तो नव्या लगद्यात मिसळायचा, हा रिवाज. फोरमनकाकांनी त्या सगळ्या चुऱ्याच्या यंत्रात घातल्या आणि निघालेली काळी वाळू पुढच्या मागणीसाठी पोत्यांत भरून ठेवली. पुढची मागणी जॅझवाल्यांच्या दुसऱ्या हजाराची होती.

कानताईला हे कळलं तेव्हा लगदा वितळूनही झाला होता. त्या हजारातली प्रत्येक शंभरावी तिने जीव मुठीत धरून ऐकली. शंभरावी ठीक. दोनशेवी ठीक. सातशेवीपर्यंत सगळं जिथल्या तिथे, स्टुडिओची ती सपाट, गाद्यांची शांतता.

आठशेवीत दुसऱ्या बाजूवर एक खट्याळ चालीचं गाणं होतं, चौघं एकमेकांच्या तोंडातून सूर पळवतात तसलं. ते संपलं. आणि संपल्यावर, पुढचं सुरू व्हायच्या आधी, कुणीतरी तीच चाल गुणगुणलं. हळूच, स्वतःशीच, घोगऱ्या आवाजात. दोन ओळी, आणि दुसरी साफ चुकलेली.

तिने सुई मागे नेली नाही. तबकडी शेवटपर्यंत ऐकली, पाकिटात घातली आणि चिठ्ठी पुढे ओढली. दारात फोरमनकाका उभे होते, हात मागे बांधून, हेडफोनकडे न पाहता.

"काही आहे का?"

"नाही," कानताई म्हणाली. "पाठवून द्या."

त्या आठशेवीच्या मागेपुढे ज्या होत्या त्या कुणाकुणाच्या घरी गेल्या आणि त्यांत काय होतं, हे तिला कधी कळलं नाही. तक्रार एकही आली नाही. कारखाना त्यानंतर आठ वर्षं चालला. स्तोत्रांची रेकॉर्ड बरी खपली. मास्तरांनी पाकिटाच्या मागच्या बाजूला, आभारांच्या यादीत, सगळ्यांच्या वर एक नाव छापून घेतलं होतं. भाचीकडे जाऊन विचारून आणलेलं. आपण त्यांना आयुष्यभर मावशीच म्हणत आलो, असं ते कानताईला सांगत होते, आणि नाव किती सुंदर होतं हो त्यांचं.